पाय लागू दे

“थांबा,” डिमेलो सर म्हणाले, आणि आमचे पाच डावे पाय हवेतच राहिले.

सांगलीतल्या एका शाळेचं सभागृह होतं. खाली गुळगुळीत फरशी, समोर टेबलामागं तीन परीक्षक, आणि भिंतीकडेनं सतरंज्यांवर गावोगावहून आलेली दीडदोनशे पोरं. कराटेतल्या काळ्या पट्ट्याच्या परीक्षेला आम्ही इचलकरंजीचे पाच जण उभे होतो. चार मुलगे आणि मी. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, आणि या गोष्टीला आता तीस वर्षं उलटून गेली.

आमचा काता चालू होता. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची एक लांब साखळी, समोर नसलेल्या शत्रूशी एकट्यानं करायची लढाई. त्यात आपल्या मनाचं काही घालायचं नाही, वगळायचं नाही.

“नवव्या पावलापासून पुन्हा,” डिमेलो सर म्हणाले. आम्ही पुन्हा केलं. नववं पाऊल आलं आणि पाचही डावे पाय टुणकन वर उचलले गेले, पुढं जाऊन टेकले. डिमेलो सरांनी चष्मा काढला. हे गृहस्थ वसईचे, साठीचे, आमच्या संघटनेतले सर्वांत मोठे परीक्षक. त्यांनी विचारलं, “तिथं काय उंबरा आहे का?”

सभागृहात हशा पिकला. मला मात्र काही कळेना. नवव्या पावलाला पाय उचलायचा असतो हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. सहा वर्षं मी तो तसाच उचलत आले होते, आणि तोही सगळ्यांत ऐटीत.

“यांना कोण शिकवतं?” असं विचारल्यावर मागच्या सतरंजीवरून आमचे सर उठले.

आमचे सर म्हणजे रंगनाथ कोष्टी. माझ्या वडिलांचा, अण्णांचा, इचलकरंजीत यंत्रमागाचा कारखाना होता. चोवीस माग. सर त्यात जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करणारा तो जॉबर. बत्तीस मागांच्या आवाजातसुद्धा कुठल्या मागाचा धोटा अडखळतोय हे त्यांना ऐकू येतं, असं कामगार म्हणायचे; आमच्याकडे चोवीसच होते, पण कौतुकात आकडा वाढतोच. तरुणपणी ते मुंबईत गिरणीत होते. तिथं दर रविवारी वसईला जाऊन डिमेलो सरांकडे कराटे शिकले, मग गिरण्यांचा संप झाला आणि गावी परतले. म्हणजे आता ज्यांच्यासमोर ते उभे होते, ते त्यांचे गुरू.

“रंगनाथ, मी तुला असं शिकवलं होतं?”

आमचे सर मधोमध येऊन उभे राहिले, वाकले, आणि एवढ्या पोरांसमोर त्यांनी एकट्यानं काता सुरू केला. मला आतल्या आत बरं वाटलं, की आता सर दाखवतील आणि या हसणाऱ्यांचे दात घशात जातील. नववं पाऊल आलं. सरांचा डावा पाय उचलला गेला.

ते तसेच थांबले. पायाखालच्या रिकाम्या फरशीकडे बघत राहिले, आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मलाही उमगलं.

आमचा वर्ग अण्णांच्या जुन्या शेडमध्ये भरायचा. नवा कारखाना झाल्यावर ती रिकामी पडली होती. माग हलवले, पण मागाचे पाय बसवायला केलेले सिमेंटचे उंचवटे राहिले. बहुतेक सरांनी फोडून काढले होते. पुढच्या ओळीतला एकच जिवाला चिकटून होता, चार बोटं उंच. वर्ग सुरू झाला तेव्हा पुढं उभं राहून सर काता दाखवायचे, आणि नवव्या पावलाला नेमका तो उंचवटा आडवा यायचा. सर त्यावरून पाय उचलून घ्यायचे. मागच्या पोरांपुढं उंचवटा नव्हता, पण सर करतात तसं करायचं एवढंच पोरांना ठाऊक. पुढं त्या जागेवर मोठी पोरं उभी राहू लागली, मग मी. नऊ वर्षं इचलकरंजीतली समस्त लेकरं नसलेला दगड ओलांडत होती, आणि शिकवणाऱ्याचा पायसुद्धा मूळचं विसरून गेला होता.

“चूक माझी हाय, सर,” आमचे सर डिमेलो सरांना म्हणाले. “पोरांनी बघितलं तसं केलं.”

सांगायला सोपं कारण होतं. शेड, सिमेंट, जागेची अडचण. त्यांनी त्यातलं एक अक्षर काढलं नाही. शेजारचे परीक्षक नियम वाचून दाखवू लागले, की सक्तीचा काता चुकला तर नापास, पुढची परीक्षा वर्षानं. सरांनी हात जोडले. पास करा म्हणाले नाहीत. तीन वाजेपर्यंत वेळ द्या म्हणाले.

डिमेलो सरांनी घड्याळ बघितलं. “तीन वाजता. एकदाच.”

मुलांचं काय, ते पुढच्या वर्षी आले असते. माझं तसं नव्हतं. माझी अण्णांशी पैज लागली होती. पोरीच्या जातीला लाथा मारायचं शिक्षण कशाला, हा प्रश्न आमच्या घरात सहा वर्षं जेवणाच्या ताटावर वाढलेला असायचा. शेवटी मीच एकदा तोंड वर करून म्हणाले, की काळा पट्टा मिळवून दाखवते. अण्णा म्हणाले, “मिळाला तर जूनपासनं पोरींचा वर्ग तू घे, मी आडवा येणार न्हाई. न्हाई मिळाला, तर दहावीबरोबर ही थेरं बी संपली.” अण्णा शब्दाचे पक्के. त्यामुळं त्या दिवशी तीन वाजता माझं कराटे एक तर सुरू होणार होतं, नाही तर संपणार होतं.

शाळेच्या मागच्या व्हरांड्यात आम्ही गेलो. डब्यातल्या दशम्या तशाच राहिल्या. योग्य पाऊल अगदी साधं होतं. पाय उचलायचाच नाही, तळवा जमिनीला घासत पुढं न्यायचा. सांगायला दोन शब्द, पण पाय ऐकेल तर शपथ. नवव्या पावलाच्या आधी मी मनात घोकायची, घासत, घासत, आणि पाय खुशाल वर. आमच्यातला फारूक मोमीन तर चिडून स्वतःच्या मांडीवर चापट्या मारत होता.

सरांनी आधी रुमाल अंथरला. रुमालाला कोण भितं? उलट खाली काही आहे म्हटल्यावर पाय आणखी वर. मग खडूनं रेघ मारली. तीही आम्ही ओलांडली. दीड वाजला. सर थोडा वेळ भिंतीला टेकून आमच्या पायांकडे बघत बसले. मग उठले, जिथं रुमाल होता तिथं उकिडवे बसले, आणि आपला उजवा हात फरशीवर पालथा ठेवला.

“ह्याच्यावरनं,” ते म्हणाले. “वजन टाकायचं न्हाई. नुसतं घासून जायाचं. पाय लागला पायजे.”

आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. चुकून एखाद्याच्या पिशवीला पाय लागला तरी हात लावून नमस्कार करणारी पोरं आम्ही, आणि इथं गुरूच्या हातावरून पाय न्यायचा. मी पहिली होते. नववं पाऊल आलं आणि माझा पाय जो उडाला, तो तोवरच्या सगळ्या पायांपेक्षा उंच.

“पाय लागू दे, त्रिशला.”

“सर, नको.”

“तुझ्या पायाला म्या नको म्हणत न्हाई, मग तू कशापायी म्हणालीस? चल.”

दुसऱ्या वेळी लागला. तळव्याला त्यांच्या हाताच्या शिरा लागल्या. मी तिथंच काता सोडून खाली वाकले, त्यांच्या हाताला हात लावला आणि छातीशी नेला. सर वैतागले. म्हणाले, नमस्कार मागनं कर, पोत्यानं कर, पण काता मोडू नकोस. मी हो म्हणाले आणि पुढच्या वेळी पुन्हा वाकले. मुलगेही पहिल्यांदा वाकत होते, पण मुलगे लवकर कोडगे होतात. दहा फेऱ्यांत ते सरळ घासून जायला लागले. मला वेळ लागला. लहानपणापासून आईनं अंगात मुरवलेली गोष्ट एका तासात कशी निघणार? पण सरांचा आवाज चढला तशी हळूहळू तीही दाबून टाकली.

वजन टाकायचं नाही हे ठरलेलं होतं, पण ठरलेलं सगळं होत नाही. काता जोरात करायचा असतो, अंगात रग असते. फारूकचा पाय एकदा पूर्ण पडला. सर नुसतं “हं, पुढं,” म्हणाले. मग माझी टाच पडली. खाली काहीतरी बारीक कट्‌ झाल्यासारखं मला वाटलं आणि मी थबकले.

“थांबलीस का? पुन्हा.”

“सर, लागलं तुम्हाला.”

“मला लागलं का न्हाई त्ये मी बघीन. तुझा पाय आत्ता बरोबर गेला. पुन्हा.”

हात त्यांनी काढला नाही. पाच पोरं, आळीपाळीनं, पावणेतीनपर्यंत. ज्या हाताच्या बोटांवर चोवीस माग चालायचे, तो हात त्यांनी आमच्या पायांखाली सव्वा तास ठेवला. तेव्हा हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझं सगळं लक्ष माझ्या पायाकडे होतं.

तीन वाजता एकेकाला बोलावलं. चौघांचेही पाय घासत गेले. डिमेलो सर कागदावर खूण करत होते. मग मी.

मी तो काता जसा केला, तसा आधी कधी केला नव्हता आणि नंतरही क्वचितच. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. अंगात भीती होती आणि ती सगळी वारांत उतरली. सातवं पाऊल, आठवं. नववं आलं. माझा डावा तळवा फरशीला घासत सरळ पुढं गेला. थंड, गुळगुळीत फरशी. पाय लागला.

आणि मी खाली वाकले. उजव्या हातानं रिकाम्या फरशीला स्पर्श केला आणि तो छातीशी नेला.

काय केलं हे कळलं तेव्हा करून झालं होतं. कोणीतरी फिस्सकन हसलं. पुढचा वार मला आठवेना. मी उभी राहिले, हात बाजूला, आणि कान तापलेले.

“हे काय होतं?” डिमेलो सरांनी विचारलं.

“सरांच्या हाताला पाय लागला,” मी म्हणाले.

“कुठे आहे सरांचा हात?”

मी फरशीकडे बघितलं. मग सभागृहातल्या सगळ्यांनी बघितलं, ते मागच्या सतरंजीकडे. सर बसले होते. उजवा हात त्यांनी डाव्या काखेत दाबून धरला होता. डिमेलो सर खुर्चीवरून उठले, चालत त्यांच्यापाशी गेले, आणि म्हणाले, “दाखव.” सरांनी हात बाहेर काढला. मला तेवढ्या लांबून दिसला नाही. डिमेलो सर बराच वेळ बघत उभे होते. आता कोणी हसत नव्हतं. परत येऊन ते खुर्चीत बसले आणि कागद जवळ ओढला. मला वाटलं, सुटले मी.

“काता तुटला,” ते म्हणाले. “नापास. पुढच्या वर्षी ये.”

चौघे पास, मी नापास. परतीच्या एसटीत मी सरांच्या शेजारी बसून रडत होते, आणि खरं सांगायचं तर मला सरांचा राग आला होता. नऊ वर्षं चूक त्यांची, उंचवटा त्यांनी ठेवलेला, हात ठेवायची अक्कल त्यांची, आणि बुडाले मी एकटी. मी ते बोलूनही दाखवलं. सर म्हणाले, “खरं हाय तुझं.” एवढंच. समजूत घातली नाही, की नियम असतो बाई, की पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष मला नाही हे त्यांना ठाऊक होतं.

मग कंडक्टर आला. सर डाव्या हातानं उजवीकडचा खिसा चाचपायला लागले, ते काही जमेना. तेव्हा मी त्यांचा हात पहिल्यांदा नीट बघितला. मधलं बोट सुजून काकडीएवढं झालं होतं, काळंनिळं, आणि सरळ राहत नव्हतं. माझं रडं जागच्या जागी थांबलं. मी त्यांच्या खिशातून पैसे काढून कंडक्टरला दिले.

घरी अण्णांनी विचारलं, मी सांगितलं. “बरं झालं, सुटलीस,” असं म्हणून ते रेडिओकडे वळले. पांढरा गणवेश मी घडी घालून ट्रंकेत तळाशी ठेवला. आई मागून आली आणि तिनं ट्रंक लावून घेतली.

सकाळी अण्णांचा चहा घेऊन मी कारखान्यात गेले. घराला लागूनच कारखाना. आत शिरल्याबरोबर अण्णांचा आवाज ऐकू आला. मागांच्या खडखडाटावर जाणारा आवाज होता तो. बोटाला फळी बांधून सर त्यांच्यासमोर उभे होते. अकरा नंबरचा माग बंद पडला होता आणि जॉबरला पाना धरता येत नव्हता.

“काय केलंस रं हे, रंग्या?”

“दारात घावलं, मालक.”

“दारात? डोळं कुठं हुतं तुझं? तीन आठवडं हात चालायचा न्हाई. माग कुणी बघायचं, तुझ्या कराट्यानं?”

सर मान खाली घालून ऐकत होते. मी कपबशी धरून दारात उभी. गप्प बसणं सोपं होतं, आणि शहाणपणाचंही. पोरीच्या टाचेनं जॉबरचा हात मोडला असं कळलं असतं, तर अण्णांनी शेडला कुलूप घातलं असतं, आणि माझ्याबरोबर गावातल्या चाळीस पोरांचा वर्ग गेला असता. सर खोटं बोलत होते ते बहुधा त्यासाठीच. मला हे सगळं त्या दारात उभ्याउभ्या कळत होतं. तरी अण्णा जेव्हा पुन्हा म्हणाले, “आंधळा झालास काय रं,” तेव्हा माझ्यानं राहवलं नाही.

“दारात नव्हं, अण्णा. माझ्या टाचेखाली.”

सरांनी मला डोळ्यांनी गप्प केलं, पण मी आता थांबणार नव्हते. कपबशी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. उंचवटा, नववं पाऊल, रुमाल, खडू, व्हरांड्यातला सव्वा तास. नमस्काराचंही सांगितलं. एसटीत मी सरांना काय काय बोलले, तेही.

अण्णांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. कपातला चहा तसाच निवला. ते सरांच्या हाताकडे बघत होते. आयुष्य मागांत घालवलेला माणूस, त्यांना हात वाचता यायचा.

“जॉबरचा हात,” ते हळू म्हणाले. “खाली ठेवलास? दुसरं काय ठेवायला मिळालं न्हाई व्हय?”

“ठेवलं की,” सर म्हणाले. “पर दुसऱ्या कशावरनंबी पोरं उडी मारत्यात, मालक. हातावर पाय टाकताना जपून टाकत्यात. मला जपून टाकलेलाच पाय पायजे हुता.”

अण्णा उठले, अकरा नंबरच्या मागापाशी गेले, वाकून बघितलं, एक बोल्ट स्वतः आवळला. पंधरा वर्षांत मी त्यांना पाना धरलेलं बघितलं नव्हतं. मग पाना पुसून खाली ठेवला आणि तिथूनच, सगळ्या कामगारांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, विचारलं,

“फुडच्या वर्षीची परीक्षा कवा असती, सर?”

आमच्या सरांनी मागं वळून बघितलं, कोणाला हाक मारली म्हणून.